स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया : भार उतरतो, पण बदल्यात काय द्यावे लागते?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा मला समजला तो असा : तुमचे वय 29 आहे, विशीच्या सुरुवातीपासून स्तनांचा आकार अंगकाठीच्या मानाने बराच मोठा आहे, मान आणि खांदे दिवसभर दुखतात, स्तनांखालच्या घडीत वरचेवर पुरळ उठते आणि ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडल्या आहेत. एका डॉक्टरांनी आधी वजन कमी करायला सांगितले, दुसऱ्यांनी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख सुचवली, आणि घरच्यांचे म्हणणे आहे की मूल होईपर्यंत थांबावे. शस्त्रक्रिया करावी का, आकार किती कमी करता येईल, व्रण दिसतील का आणि पुढे बाळाला अंगावर पाजता येईल का, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी गेली 22 वर्षे प्लास्टिक सर्जरी करते आहे आणि ही शस्त्रक्रिया माझ्या नित्याच्या कामातली आहे. न तपासता ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे मी सांगणार नाही. परंतु तुमच्यासारखा त्रास घेऊन आलेल्या स्त्रीशी मी पहिल्या भेटीत जे बोलते, ते इथे लिहिता येईल. या शस्त्रक्रियेने भार उतरतो आणि त्याबदल्यात कायमचे व्रण पत्करावे लागतात; शिवाय स्तनाग्राची संवेदना आणि अंगावर पाजण्याची क्षमता यांची पूर्वीइतकी हमी उरत नाही. म्हणून तुमच्या चारही प्रश्नांच्या आधीचा प्रश्न असा आहे की तुमचा नेमका कोणता त्रास या भारामुळे आहे, कारण हा व्यवहार फायद्याचा ठरतो तो तेवढ्यापुरताच.

खांद्यांवरच्या खाचा आणि घडीतली पुरळ यांबद्दल फारशी शंका नसते. घडीत कातडी कातडीला घासते, घाम साचतो, त्यात बुरशीचा संसर्ग होतो. मलमाने पुरळ जाते आणि काही आठवड्यांनी परत येते, कारण घडी तिथेच असते. मानेच्या आणि खांद्यांच्या दुखण्याचे तसे नाही. स्तनांचा भार हे त्याचे कारण असू शकते, पण तासन्‌तास खाली मान घालून केलेले काम, मणक्यातील दोष किंवा कमकुवत स्नायू हीही कारणे असू शकतात, आणि बरेचदा दोन्ही एकत्र असतात. मी तपासताना रुग्णाला दोन्ही हातांनी स्तन खालून उचलून काही मिनिटे उभे राहायला सांगते. खांदे मोकळे झाल्यासारखे वाटले तर तो पुरावा नसला तरी चांगली खूण असते. करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील तर पट्ट्याच्या दाबाचा विचार करावा लागतो. पण हाताची ताकद कमी झाली असेल किंवा कळ मानेतून थेट दंडात उतरत असेल, तर मी आधी मानेची तपासणी करून घ्यायला सांगते. कंबरदुखीचे आश्वासन मी कोणालाच देत नाही. ती कमी होतेही, पण मानेइतक्या भरवशाने नाही.

त्याच भेटीत मी ब्रा पाहते. मोठे स्तन असलेल्या बऱ्याच स्त्रिया छातीच्या घेराला सैल आणि कपाला लहान अशी ब्रा वापरत असतात, त्यामुळे सगळा भार पाठीमागच्या पट्टीऐवजी खांद्यांवर येतो. नीट माप घेऊन घेतलेली, रुंद पट्ट्यांची ब्रा आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम यांनी काही जणींचे भागते. तुमचे भागणार नाही असा माझा अंदाज आहे, तरीही दोन-तीन महिने ते करून पाहावे, कारण तेच व्यायाम शस्त्रक्रियेनंतरही उपयोगी पडतात.

आता वजनाविषयी. तुम्हाला भेटलेल्या दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे आपापल्या जागी अर्धे खरे आहे. स्तनात दुग्धग्रंथी आणि चरबी असते आणि त्यांचे प्रमाण प्रत्येकीत वेगळे असते. ज्या स्तनात चरबी जास्त तो वजनाबरोबर उतरतो. ज्यात ग्रंथी जास्त तो दहा किलो घटवूनही जवळपास तसाच राहतो. विशीच्या आरंभी तुमचे वजन आजच्यापेक्षा कमी असेल आणि तेव्हाही स्तन एवढेच असतील, तर केवळ आहाराने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. दुसरीकडे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचे माप) 35 च्या पुढे असेल तर जखम उकलणे आणि संसर्ग होणे यांचे प्रमाण वाढते, आणि शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ वजन उतरले तर बेतून केलेला आकार पुन्हा ओघळतो. म्हणून मी वजनाच्या आकड्याइतकेच त्याच्या स्थैर्याला महत्त्व देते. गेले सहा महिने वजन एका जागी असेल आणि पुढच्या वर्षभरात तुम्ही ते मोठ्या प्रमाणात उतरवणार नसाल, तर थोड्या जास्त वजनासाठी मी कोणाला अडवत नाही. ‘धावता येत नाही म्हणून वजन उतरत नाही, आणि वजन उतरत नाही म्हणून शस्त्रक्रिया नाही’ हे चक्र मी अनेक जणींच्या बाबतीत पाहिले आहे.

मूल होईपर्यंत थांबावे की नाही, हे ‘होईपर्यंत’ म्हणजे किती काळ यावर अवलंबून आहे. येत्या वर्ष-दीड वर्षात गर्भधारणेचा विचार असेल तर थांबणे शहाणपणाचे, कारण गरोदरपणात आणि दूध पाजताना स्तन फुगतात, मग उतरतात, आणि केलेल्या कामाचा आकार बदलतो. बाळाला पाजणे थांबल्यावर साधारण सहा महिने जाऊ द्यावेत आणि मगच शस्त्रक्रिया करावी. पण तो विचार पाच-सात वर्षे दूर असेल, किंवा मूल हवे की नको हेच ठरले नसेल, तर तेवढी वर्षे दुखणे सोसत काढण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही. पुढे आकार थोडा बदलला तरी काढलेला भार बहुधा पूर्ण परत येत नाही. हा निर्णय घरच्यांशी बोलून घ्यावा, पण मान तुमची दुखते आहे.

पुढचे समजण्यासाठी शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते सांगते, कारण व्रण, संवेदना आणि दूध या तिन्हींची उत्तरे तिथेच आहेत. अनेकींची समजूत असते की स्तनाग्र कापून वेगळे करतात आणि मग वर शिवतात. सहसा तसे करत नाहीत. स्तनाग्र आणि त्याच्याभोवतीचे गडद वर्तुळ आतल्या ऊतींच्या एका जिवंत खांबावर ठेवले जाते. त्या खांबातून त्याला रक्त आणि संवेदना मिळत राहते. खांबाच्या आजूबाजूचा जास्तीचा भाग काढायचा, खांबासकट स्तनाग्र वर सरकवायचे आणि उरलेल्या त्वचेचा नवा आकार त्याच्याभोवती शिवायचा. हा खांब खालून ठेवायचा, वरून की वरच्या आतल्या बाजूने, याबाबत प्रत्येक सर्जनची पसंती असते आणि स्तनाच्या मापानुसार ती बदलावी लागते. त्वचा कुठे कापायची याचा आजही प्रचलित असलेला आराखडा वाइज नावाच्या सर्जनने 1956 मध्ये मांडला, आणि तो त्याने ब्राच्या बेतावरून घेतला होता. कपडा बेतण्याशी या कामाचे इतके जवळचे नाते आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, भूल देण्याआधी, मी रुग्णाला ताठ उभे करून मार्करने खुणा करते, कारण आडवे झाल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि मापाला अर्थ राहत नाही. गळ्याच्या मुळाशी दोन हाडांच्या मध्ये जी खळगी असते तिथपासून स्तनाग्रापर्यंत टेप धरते. हे अंतर मध्यम आकाराच्या स्तनात साधारण 20 ते 22 सेंटीमीटर असते. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांत ते 30 च्या पुढेही असते. मग एका हाताची बोटे स्तनाखालच्या घडीत ठेवून त्याच पातळीवर दुसऱ्या हाताने पुढच्या बाजूला खूण करते : स्तनाग्राची नवी जागा ती. हात मोह पाडतो की आणखी थोडे वर न्यावे, म्हणजे उठावदार दिसेल. मी मुद्दाम एखादा सेंटीमीटर खालीच थांबते, कारण खाली राहिलेले स्तनाग्र पुढे कधीही वर नेता येते, पण जास्त वर गेलेले खाली आणणे जवळजवळ अशक्य असते आणि ते ब्राच्या काठावरून डोकावत राहते.

‘किती लहान’ याचे उत्तर या खांबात आहे. खांब जितका बारीक तितका रक्तपुरवठा तोकडा. शिवाय कपचे अक्षर हे काही प्रमाणित माप नव्हे. एका कंपनीचा ‘सी’ दुसऱ्या कंपनीचा ‘डी’ असतो, त्यामुळे अमुक कप करून देतो असे लेखी आश्वासन देणाऱ्या सर्जनबद्दल मी सावध राहीन. तुमच्या खांद्यांच्या आणि नितंबांच्या रुंदीला शोभेल असा आकार, आणि तोही ‘याच्या जवळपास’ एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णाने ‘जेवढे निघेल तेवढे काढा, मला पुन्हा हा विचारच करायचा नाही’ असा आग्रह धरला आणि मी माझ्या अंदाजापेक्षा जास्त काढले. तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा उजव्या स्तनाग्राची कड काळपट झाली होती. सहा आठवडे पट्ट्या बदलल्यावर जखम भरली, पण तिथे एक फिकट डाग कायमचा राहिला. तिने मला दोष दिला नाही; दोष माझाच होता. त्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी माझा हात खांबापाशी थांबतो. त्रास कमी होण्यासाठी अगदी लहान आकार लागतोच असेही नाही. किती ग्रॅम काढले यावर आराम सरळ हिशेबाने ठरत नाही.

व्रण राहतील. ते दिसणार नाहीत असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. माफक कपातीत गडद वर्तुळाभोवती एक आणि तिथून खाली घडीपर्यंत एक, असे दोन व्रण राहतात. मोठ्या कपातीत घडीतून आडवा जाणारा तिसरा त्यांना मिळतो आणि आकृती जहाजाच्या नांगरासारखी दिसते. उभा आणि आडवा व्रण जिथे मिळतो त्या टोकावर ताण सर्वांत जास्त, आणि तिथेच जखम थोडी उकलण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. नखाएवढी जागा उकलली तर घाबरू नये. ती बहुधा नुसत्या पट्ट्यांनी भरते. पहिले तीन-चार महिने व्रण लाल, जाड आणि खाजरे होतात, नेमके तेव्हा धीर सुटतो. ते फिकट आणि मऊ व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते. सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा जेल आणि उन्हापासून बचाव यांचा उपयोग होतो. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी तुम्हाला गाठीसारखा फुगीर व्रण आला असेल, तर ते सर्जनला आवर्जून सांगा. नुसत्या लायपोसक्शनने (नळीने चरबी शोषून काढल्याने) हे मोठे व्रण टळतात, हे खरे आहे, पण ते चरबी जास्त आणि त्वचा घट्ट असलेल्या स्तनांपुरतेच; त्याने ओघळलेला स्तन वर येत नाही.

स्तनाग्राची संवेदना सुरुवातीला बहुतेकींची कमी होते, काहींची उलट चुरचुरण्याइतकी वाढते, आणि काही महिन्यांत बरीचशी पूर्वपदावर येते. थोड्या जणींची कायमची कमी राहते, आणि ती कोणाची राहील हे आधी ओळखता येत नाही. तुमच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची असेल तर संकोच न करता सर्जनला तसे सांगा; हा प्रश्न विचारायला स्त्रिया लाजतात आणि मग वर्षभराने खंत करतात.

बाळाला पाजण्याबाबत उत्तर ‘शक्य आहे, पण खात्री नाही’ असे आहे. दुग्धवाहिन्या स्तनाग्रामागे एकत्र येतात. स्तनाग्राखालचा ऊतींचा खांब जितका अखंड राखला जाईल तितकी पाजण्याची शक्यता जास्त. माझ्या अनेक रुग्णांनी बाळाला अंगावर पाजले, त्यातल्या काहींना वरचे दूध जोडीला द्यावे लागले, काहींना आलेच नाही. शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकीही काहींना दूध पुरत नाही, हेही लक्षात घ्यावे. एक अपवाद मात्र स्पष्ट आहे. फार प्रचंड स्तनांत, जिथे खांब इतका लांब होतो की रक्त टोकापर्यंत पोहोचण्याची शाश्वती उरत नाही, तिथे स्तनाग्र खरोखरच काढून त्वचेच्या कलमासारखे नव्या जागी बसवतात. त्यानंतर दूध पाजता येत नाही आणि संवेदनाही बहुतांशी जाते. तुमच्या बाबतीत याची वेळ येणार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

धोक्यांपैकी ज्याने मला सर्वांत जास्त त्रास दिला आहे तो तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या शस्त्रक्रियेत सगळा भरवसा एका खांबाच्या रक्तपुरवठ्यावर आहे तिथे हे परवडत नाही. आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे सिगारेट, ई-सिगारेट, खाण्याचा तंबाखू, निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्या सगळे बंद; हे जमणार नसेल तर मी तारीख पुढे ढकलते. पहिल्या चोवीस तासांत एका बाजूला अचानक सूज आणि ताण वाढला तर आत रक्त साचले असण्याची शक्यता असते आणि ते काढण्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागू शकते. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी असला तरी तो टाळण्यासाठी मी त्याच संध्याकाळी रुग्णाला चालायला लावते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर हे आधी सांगावे. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेली पूरके यांचीही यादी न्यावी. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी.

शस्त्रक्रियेपूर्वी स्तनांची तपासणी झालीच पाहिजे. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी आणि तुमच्या वयात, विशेषतः आई किंवा बहिणीला स्तनांचा कर्करोग झाला असेल तर, सोनोग्राफी किंवा डॉक्टर सुचवतील ती तपासणी करून घ्यावी. काढलेला भाग आम्ही दोन्ही बाजूंचा वेगवेगळा तोलतो आणि पॅथॉलॉजीकडे पाठवतो. क्वचित त्यात अनपेक्षित काही सापडते, त्यामुळे तो अहवाल हातात आला का हे तुम्हीही विचारा.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन ते चार तास चालते. त्याच दिवशी किंवा एक रात्र राहून घरी जाता येते. वेदना बहुतेकींना वाटतात त्यापेक्षा कमी असतात, थकवा मात्र वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. बैठे काम एक ते दोन आठवड्यांत सुरू होते. जड उचलणे, हात डोक्यावर नेऊन करायची कामे आणि धावणे हे चार ते सहा आठवडे बंद. तेवढे दिवस तारेविना आधार देणारी ब्रा दिवसरात्र घालावी आणि पाठीवरच झोपावे. पहिल्यांदा आरशात पाहाल तेव्हा स्तन चौकोनी, फार वर आणि जांभळट दिसतील, कदाचित दोन्ही वेगळेही दिसतील. काही जणी त्या क्षणी रडतात. खालचा भाग भरून गोलाई यायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून त्याआधी आकाराबद्दल मत बनवू नये.

आता सर्जनकडे जाताना काय करायचे ते सांगते. तुमच्या अंगकाठीच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो पाहायला मागा, सहा आठवड्यांचे नकोत. खांब कोणत्या बाजूने ठेवणार, का, आणि दुरुस्तीची वेळ आली तर काय करणार, हे विचारा. उत्तर द्यायला वेळ नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि त्या दिवशी नवी ब्रा घालून जाऊ नका. रोजची, पट्टे ताणलेली, तीच घाला. ती कुठे सैल पडली आहे आणि खांद्यावर कुठे रुतते ते पाहूनच मी निम्मी तपासणी करते.